टाटा हॉस्पिटल परळ, हेड अँड नेक विभाग: दादांच्या गालाचं ऑपरेशन, आमचा अनुभव

५ पैकी ५ स्टार. का देतोय ते नीट सांगतो, कारण कोणाच्या तरी घरी आत्ता हाच प्रश्न चालू असेल.

आमचे दादा म्हणजे वडील, लातूरकडचे शेतकरी, तीस वर्षं तंबाखू-चुना उजव्याच गालात. मागच्या वर्षी तिथे पांढरा चट्टा आला, तिखट झोंबायला लागलं. गावाकडच्या एका डॉक्टरांनी मलम आणि गोळ्या देत तीन महिने घालवले, शेवटी बायोप्सी केली तर कॅन्सर. मग एका सर्जनना दाखवलं, ते म्हणाले छोटं आहे, गालातलं तेवढं काढू, सोनोग्राफीत मान क्लिअर आहे तर मान कशाला उघडायची. आम्हाला तेच बरं वाटलं, खरं सांगायचं तर. बहीण अडून बसली की एकदा टाटाला दाखवायचंच, म्हणून रात्रीच्या लातूर एक्सप्रेसने निघालो.

तिथे मॅडमनी रिपोर्ट बघून सांगितलं, गालाबरोबर मानेतल्या गाठी (लसिका ग्रंथी, त्या सगळ्यांच्याच मानेत असतात) पण काढायच्या. मी चिडलोच, म्हटलं रिपोर्टमध्ये काही नाहीये मग का? त्यांनी आमच्याच फाईलच्या पाठीमागे जबडा आणि मान काढून दाखवलं की तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी पहिल्यांदा मानेतल्या गाठींत जाऊन बसतात आणि सुरुवातीला इतक्या बारीक असतात की सोनोग्राफी, सीटी कशातच दिसत नाहीत. मान आधीच साफ करायची की गाठ दिसेपर्यंत थांबायचं यावर जगभरचे डॉक्टर कितीतरी वर्षं भांडत होते म्हणे, आणि त्याचं उत्तर याच हॉस्पिटलने शोधलं. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या टीमने २००४ पासून सुरुवातीच्या स्टेजचे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट दोन गटांत वाटून अभ्यास केला, पहिल्या ५०० जणांचा निकाल २०१५ मध्ये आला. मान आधीच साफ केलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के जिवंत, वाट बघितलेल्यांपैकी ६७.५ टक्के. दादा शांतपणे ऐकत होते, मॅडमना म्हणाले, "मग करा की बाई."

ऑपरेशननंतर रिपोर्ट आला, मानेतल्या एका गाठीत कॅन्सर होता. सोनोग्राफीत क्लिअर असलेल्या त्याच मानेत. मी तो कागद हातात धरून जिन्यात बसून रडलो.

पुढे ३० दिवस लाईट घ्यावी लागली (रेडिएशनला तिथे सगळे लाईटच म्हणतात). त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, खराब दात आधीच काढतात, कारण लाईटनंतर दात काढला तर जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. नाकातल्या नळीतून दूध, नाचणीची पेज. तोंड उघडायचा व्यायाम मात्र मनापासून करा हो, आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांत धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची, दादा कंटाळायचे पण आईने एक दिवस सोडला नाही. खांदा पण जड होतो, हात वर जात नाही, त्याला वेगळी फिजिओ असते, ती पण करा.

धर्मशाळेत शेजारी जालन्याचे एक काका होते, त्यांचा आजार परत आलेला, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. त्यांना तीन प्रकारच्या गोळ्या आणि सोबत निवोलुमॅब नावाचं इंजेक्शन चालू होतं. हे इम्युनोथेरपीचं औषध, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणारं, पूर्ण डोस म्हणजे आपल्यासारख्यांनी नावच काढायचं नाही, पण टाटाच्या डॉक्टरांनी ३ आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम देऊन बघितलं, नेहमीच्या डोसचा अगदी छोटा भाग, आणि त्यांच्या अभ्यासात नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगणारे १६.३ टक्के होते, हे इंजेक्शन जोडल्यावर ४३.४ टक्के झाले. काका पूर्ण बरे होणार नाहीत हे त्यांना माहीत होतं, तरी संध्याकाळी दादरच्या फुलबाजारात चालत जाऊन यायचे. बाहेरचं महागडं औषध आपल्या माणसाच्या खिशात बसेल असं करून बघणं, हे मला त्या हॉस्पिटलचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

जाणाऱ्यांसाठी: बायोप्सीच्या स्लाईड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) दोन्ही सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको. रेशन कार्ड, आधार ओरिजिनल ठेवा, फुले योजनेला लागतं. राहायची सोय आधीच विचारून ठेवा. आणि काही कळलं नाही तर परत विचारा, आम्ही तीनदा विचारलं, तिन्ही वेळा नीट सांगितलं.

दादांचं तोंड आता तीन बोटं उघडतं. मागच्या महिन्यात भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, तिखट अजून चालत नाही.