राइट बंधू, एडिसन की लुई ब्रेल? पोरांना आधी कुणाची गोष्ट सांगायची

धाकट्या जाऊबाईंनी विचारलं, पोरगा पाच वर्षांचा झालाय, शोध लावणाऱ्यांच्या गोष्टी सांगायच्यात तर सुरुवात कुणापासून करू, तर माझं सरळ म्हणणं राइट बंधूंपासून करा.

एडिसन सगळ्यांना पहिला सुचतो. पावसात आमच्याकडे लाईट जातेच, मेणबत्ती लावली की विषय आपोआप निघतो, आणि त्याच्या दिव्यात जाळलेल्या बांबूची बारीक तार होती, ती १२०० तासांहून जास्त टिकली हे सांगून मागीलदारचा बांबू दाखवला की पोरं चाट पडतात. पण पुढे करंट, काचेतली हवा का काढायची, हे त्या वयात डोक्यावरून जातं. दुसरी-तिसरीत सांगा.

अंधांना बोटांनी चाचपून वाचता येईल अशी ठिपक्यांची लिपी काढणारा लुई ब्रेल मला स्वतःला सगळ्यात जवळचा. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यात आरी डोळ्यात घुसली, हे मी लेकीला जसंच्या तसं सांगितलं आणि ती रात्रभर मला चिकटून होती, चूक माझीच. आता धाकट्याला तेवढं गाळून सांगते. परातीत सहा काजूबिया दोन उभ्या ओळींत तीन-तीन मांडायच्या, डोळे मिटून चाचपायला लावायचं, एकेक बी उचलली की अक्षर बदलतं. पंधराव्या वर्षी केलं हो त्याने हे!

राइट बंधूंचं मात्र सगळं अंगणातलं. वडिलांनी बूच, बांबू, कागद आणि रबराचं उडणारं खेळणं आणलं, तिथून ते वेड लागलं, पुढे सायकलचं दुकान, आणि विमान उडवलं ते किटी हॉकजवळ, समुद्राकाठी, वाळू आणि वारा बघून, म्हणजे आमच्या पोरांना वेगळं काही समजवायलाच लागत नाही. १७ डिसेंबर १९०३, पहिलं उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. आम्ही काथ्याची दोरी १२० फूट मोजून किनाऱ्यावर नेली, दोन टोकांना रेघा ओढल्या, पोरं हात पसरून धावली आणि मी मोठ्याने बारापर्यंत मोजत होते, धाकटा टोकाला पोचून म्हणाला "आई, एवढंच?" मग सांगितलं की त्याच दिवशी चौथ्या खेपेला ५९ सेकंद आणि ८५२ फूट झालं, तर तो तेवढंही धावायचं म्हणून हटून बसला.

फक्त ओहोटीला जा, ओल्या वाळूवरच रेघ नीट उमटते.