पेशंट कोण? डुशेनच्या वाहक तपासणीसाठी गेलेल्या एका कुटुंबाचा अभिप्राय

पुण्यातील एका खासगी जनुकीय तपासणी केंद्रात गेल्या उन्हाळ्यात आई, वडील, धाकटी बहीण आणि मी असे चौघे रक्त देऊन आलो. खिडकीवरच्या मुलीचा पहिलाच प्रश्न होता, "पेशंट कोण?" आमच्यात पेशंट कोणीच नव्हते. माझा मामा आणि माझा थोरला भाऊ डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराने विशीच्या आतच गेले, आणि दोघांच्याही रक्ताचा थेंब कुठे जपून ठेवलेला नाही. बहिणीचे लग्न ठरले आहे. ती या आजाराची वाहक आहे का, म्हणजे स्वतः धडधाकट असूनही तिच्याकडून तो मुलांना जाऊ शकतो का, एवढेच आम्हाला जाणून घ्यायचे होते. परंतु अर्जातला 'रुग्णाचे नाव' हा रकाना रिकामा सोडता येत नाही असे सांगण्यात आले, म्हणून तिथे बहिणीचे नाव घालावे लागले. अशा केंद्राने निदान अर्ज तरी वेगळा छापावा.

समुपदेशन मात्र उत्तम होते. मॅडमनी कोऱ्या कागदावर आमची वंशावळ काढली, मामाचा आणि भावाचा चौकोन पेनाने गडद केला आणि आईच्या वर्तुळात एक टिंब दिले. भाऊही आजारी आणि मुलगाही आजारी, त्यामुळे आई वाहक आहे हे कागदावरच सिद्ध होते, असे त्यांनी सांगितले. "म्हणजे माझ्याकडूनच गेलं," आई म्हणाली. मॅडमनी पेन खाली ठेवले आणि पुढची दहा मिनिटे त्या फक्त आईशी बोलत राहिल्या. या आजाराचा दोष एक्स गुणसूत्रावर असतो आणि आईच्या दोन एक्सपैकी एकच अपत्याला मिळते, म्हणून बहिणीला सदोष एक्स मिळाले असण्याची शक्यता निम्मी होती.

या आजाराच्या सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत डिस्ट्रॉफिन या स्नायूंना लागणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा एखादा तुकडा गळालेला असतो, म्हणून आधी आईच्या रक्तात तो शोधला, सापडला नाही. त्यानंतर जनुकाचे ७९ एक्झॉन, म्हणजे प्रथिनाची माहिती असलेले तुकडे, वाचले, तिथेही दोष दिसला नाही. उरला तो जुना मार्ग, म्हणजे डीएनए मार्करचा, डीएनएवरच्या ओळखीच्या खुणांचा. १९८२ साली के डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक्स गुणसूत्राच्या आखूड बाजूवरची अशीच एक खूण या आजाराबरोबर पुढच्या पिढीत उतरते हे दाखवले, तेव्हा जनुक कोणाच्याच हाती लागलेले नव्हते. ते पुढे १९८६-८७ मध्ये लुई कुंकेल यांच्या गटाने वेगळे केले. दोष प्रत्यक्ष न पाहता त्याच्या शेजारच्या खुणेवरून त्याचा माग काढायचा, हीच युक्ती आमच्याही कामी आली.

इथे माझ्या रक्ताचा उपयोग झाला. मी तिशी ओलांडलेला आणि धडधाकट आहे, आणि पुरुषाकडे एक्स एकच, तेही आईकडून आलेले असते, म्हणजे आईच्या दोन एक्सपैकी निर्दोष प्रत माझ्याकडे आली आहे. जनुकाच्या आत दोन-दोन अक्षरांची जोडी पुन्हा पुन्हा येते अशा काही जागा आहेत आणि त्यांची लांबी माणसागणिक बदलते. अशा जागांना एसटीआर म्हणतात. त्यांपैकी एसटीआर-४९ या जागी आईच्या दोन प्रतींची लांबी २३३ आणि २४७ आली, वडिलांची २३९, माझी २४७. बहिणीची आली २३९ आणि २४७. वडिलांचा आकडा वगळला की आईकडून तिला माझ्यासारखीच प्रत मिळाल्याचे दिसते. एसटीआर-४४, ४५ आणि ५० या जागांनीही तेच सांगितले. आलेखातली ती टोके मॅडमनी संगणकावर एकाखाली एक लावून दाखवली, तेव्हा बहिणीने स्वतःच आकडे जुळवून पाहिले.

तरीही अहवालात 'वाहक नाही' असे ठाम वाक्य नाही, आणि केंद्राला मी सर्वाधिक गुण देतो ते याच कारणासाठी. हे जनुक सुमारे २२ लाख अक्षरांचे आहे. ते एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना दोन प्रतींमध्ये मधेच अदलाबदल होण्याचे प्रमाण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा टक्क्यांच्या आसपास धरले जाते. जनुकाच्या शेवटच्या टोकाच्या मार्करवर आईच्या दोन्ही प्रती सारख्याच निघाल्या, त्यामुळे एसटीआर-५० पासून पुढचा भाग आमच्यासाठी अंधारातच राहिला, आणि तिथे बहिणीत किंवा माझ्यातही अदलाबदल झाली असल्यास ती कळणार नाही. अहवालात हे स्पष्ट लिहिले आहे. बहिणीचा सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम, नॉर्मल आला, पण वाहक स्त्रियांतही तो पुष्कळदा नॉर्मल असतो, हेही पुढच्याच ओळीत आहे.

तक्रारी आहेत. वडिलांचे रक्त जांभळ्या बुचाच्या नळीऐवजी लाल बुचाच्या नळीत घेतले गेले, ते गोठले, आणि त्यांना साताऱ्याहून पुन्हा यावे लागले. तीन आठवड्यांत मिळणारा अहवाल सात आठवड्यांनी मिळाला. गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घ्यायचा असलेल्या कुटुंबाला असा उशीर परवडणारा नाही. आम्ही लग्नाआधी गेलो म्हणून निभावले. शुल्क चौघांचे स्वतंत्र लागते हे फोनवर सांगितले नव्हते. अहवाल सगळा इंग्रजीत आहे. मराठीत तो मॅडमनी तोंडी समजावला.

पाचपैकी चार तारे. जाणाऱ्यांनी घरात आजारी मूल असेल तर त्याचा डीएनए ठेवून घेण्याबद्दल पहिल्याच भेटीत विचारावे, कारण केंद्र ते आपणहून सुचवत नाही. आमचे चौघांचे नमुने आता तिथे ठेवलेले आहेत, आणि त्या पावतीवरही बहिणीच्या नावापुढे 'रुग्ण' असेच छापले आहे.