क्रोशाचा छोटा ससा: आठ महिने खेळून झाल्यावर काय टिकलं, काय उसवलं

पॅटर्न एकच, दोरे तीन: ८ प्लाय (म्हणजे मध्यम जाडीचा) सुती, जवळपास तेवढ्याच जाडीची अ‍ॅक्रिलिक लोकर आणि जाड मखमली, म्हणजे शेनिल. तिन्ही ससे आठ महिने मुलांच्या हातात होते. ओढले गेले, चावले गेले, धुतले गेले. टिकण्यात सुती पहिला, अ‍ॅक्रिलिक दुसरा आणि मखमली तिसरा. नवे कोरे असताना उचलून बघणाऱ्यांची पसंती नेमकी उलट्या क्रमाने होती, हेही सांगायला हवं.

आधी माप. डोकं आणि धड सलग, कान आणि हातपाय वेगळे विणून जोडलेले. डोक्याची सुरुवात मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात, ६ मुक्या खांबांनी (क्रोशाचा आखूड, घट्ट टाका), मग दर फेरीला ६ वाढवत १२, १८, २४, ३०, ३६. पुढे ३६ च्या ७ फेऱ्या सरळ, म्हणजे वाढ-घट न करता, मग ३०, २४, १८ असं घटवत मानेपर्यंत. १८ ची एक फेरी सरळ, तिथून पुन्हा २४, ३०, मग ९ फेऱ्या सरळ आणि शेवटी २४, १८, १२, ६ करून बंद. सुती दोरा आणि २.५ मिमीची क्रोशाची सुई घेतली तर कानांसकट ससा साधारण १५ सेंमी होतो. दोरा २५ ते ३० ग्रॅम आणि आत भरायचं फायबर १५ ग्रॅमच्या आसपास लागतं. मखमली ससा त्याच टाक्यांत ५ मिमीच्या सुईवर दीडपटीहून मोठा झाला, त्यामुळे त्याचा हिशेब वेगळा.

पॅटर्न वाचताना एक खड्डा आहे. अमेरिकी पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. आपल्याकडे दोन्हींचा अर्थ मुका खांबच. ब्रिटिश पॅटर्नमधलं डबल वाचून कुणी सरळ खांब, म्हणजे मुक्यापेक्षा उंच टाका, घालत गेलं, तर ससा दुप्पट लांब होतो आणि अंगभर जाळी दिसते. बहुतेक पॅटर्नच्या वरच कोणती पद्धत ते लिहिलेलं असतं, तेवढं बघून घ्या.

सुईच्या बाबतीत गोळ्यावरच्या लेबलचं ऐकू नका. लेबलवर ४ मिमी लिहिलेलं असतं ते स्वेटर आणि शालीसाठी. खेळण्याला त्यापेक्षा एक-दीड मिमी बारीक सुई लागते, कारण वीण घट्ट नसेल तर आतलं पांढरं फायबर डोकावतं. नव्या सशात हे दिसत नाही. अ‍ॅक्रिलिक ससा ३.५ मिमीने विणला होता, आणि पहिले दोन महिने त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. मग पोटाच्या वाढीच्या फेऱ्यांत भोकं दिसू लागली. लोकर ताणली जाते आणि पूर्ण मागे येत नाही. तोच ससा ३ मिमीने विणला असता तर हे टळलं असतं. पडताळा सोपा आहे: रिकामं डोकं बोटांवर चढवून ताणा. टाक्यांच्या मधून बोटाची त्वचा दिसली, तर सुई अर्ध्या मिमीने उतरवा आणि पुन्हा सुरुवात करा. सहा फेऱ्या उसवायला जीवावर येतं, पण पुढची सव्वीस फेऱ्यांची मेहनत वाचते.

घट्टपणा सुईइतकाच हातावरही ठरतो. टाक्यात सुई घातल्यावर दोरा सुईवर गुंडाळून ओढला की वरचा टाका व्हीसारखा दिसतो. त्याऐवजी सुई दोऱ्याच्या वरून नेऊन दोरा तसाच खाली ओढून आणला की टाका फुलीसारखा दिसतो. फुलीचा टाका थोडा लहान आणि घट्ट येतो, तिरकाही कमी होतो. दोन्ही बरोबरच आहेत, पण एकाच सशात मिसळू नयेत. डोकं एका पद्धतीने आणि धड दुसरीने झालं तर रंग एक असूनही मानेपाशी पट्टा दिसतो.

आता मान. या आकाराच्या कुठल्याही खेळण्यात सगळ्यात आधी मानच जाते. डोकं मोठं, मान बारीक, आणि मुलं डोक्याला धरूनच उचलतात. बहुतेक वेळा मान लटकते ती दोऱ्यामुळे नाही, भरणामुळे. आधी डोकं भरलं, मग धड भरलं, आणि मानेत दोन्ही भरणांच्या मध्ये पोकळी राहिली, असं होतं. फायबर काही आठवड्यांत दबतं, पोकळी वाढते आणि डोकं छातीवर कलतं. उपाय विणतानाच करायचा. फायबर चांगलं पिंजून त्याची बोटभर जाड, लांब वात वळा. तिचं एक टोक डोक्याच्या मध्यापर्यंत खोचा आणि दुसरं धडात निम्म्यापर्यंत सोडा. मग तिच्याभोवती बाकीचं भरण घाला. सुती सशाची मान अशी भरली होती आणि ती आजही ताठ आहे. मखमली सशात वात घातली नव्हती, त्याने चौथ्या महिन्यात मान टाकली. ३६ टाक्यांच्या डोक्याला १८ ची मान हे प्रमाण सोडू नका. १२ ची मान दिसते नाजूक, पण वातीलाही तिथे जागा उरत नाही. मानेत तार घालायचा सल्लाही दिला जातो. शोकेसमधल्या बाहुलीला ठीक आहे, मुलांच्या खेळण्यात नको. वाकवून वाकवून तार तुटते आणि टोक विणीतून बाहेर येतं.

मान आधीच लटकली असेल तर लांब सुईत त्याच रंगाचा दुहेरी दोरा ओवा. मानेखालून सुई डोक्यात, डोक्यातून परत धडात, अशी चार बाजूंनी फिरवून हलकेच ताणून गाठ मारा. काम भागतं. मात्र गळ्यावर थोडी सुरकुती राहते. रिबिनीचा शोध बहुधा त्यासाठीच लागला असावा.

भरणाबद्दल आणखी थोडं. फायबरचे लहान लहान गोळे करून कोंबले तर ससा बाहेरून बटाट्यांच्या पिशवीसारखा दिसतो. मोठा पुंजका पिंजून एकदम घालायचा, कडांना भिंतीलगत आणि शेवटी मध्ये. साधा कापूस भरू नका. तो पाणी धरतो, धुतल्यावर त्याच्या गाठी होतात आणि आतून वाळायला फार वेळ घेतो. दोऱ्याचे उरलेले तुकडे भरायचा मोह होतो, पण गडद तुकडे फिकट विणीतून दिसतात.

घट साध्या पद्धतीने, म्हणजे दोन टाके पूर्ण उचलून केली तर त्या जागी छोटा उंचवटा आणि त्याच्या शेजारी भोक राहतं. न दिसणारी घट करायची असेल तर लागोपाठच्या दोन टाक्यांच्या फक्त पुढच्या कड्या सुईवर घ्या, दोरा दोन्हींतून एकदम ओढा, मग नेहमीसारखा मुका खांब पूर्ण करा. आठ महिन्यांनी दोन्हींतला फरक उघड दिसतो. साध्या घटीची भोकं सैल झाली, न दिसणाऱ्या घटीची जागा शोधावी लागते. मखमली दोऱ्यात पुढची कडी दिसतच नाही, बोटाने चाचपून अंदाजाने घ्यावी लागते. तिथे साधी घट चालते, कारण दोऱ्याची लव भोक झाकून टाकते.

वाढ, म्हणजे एकाच टाक्यात दोन टाके, दर फेरीला एकावर एक आली की डोक्याला सहा कोपरे पडतात आणि ससा समोरून षटकोनी दिसतो. चौथ्या फेरीत दोन मुके खांब आणि वाढ असं सहादा करण्याऐवजी एक मुका खांब, वाढ, एक मुका खांब असं सहादा करा. टाके तेवढेच, २४, पण कोपरे फुटतात. एक फेरी सोडून एक अशी सरकवली की पुरे.

मॅजिक रिंगचं शेपूट, म्हणजे दोऱ्याचं सुरुवातीचं सुटं टोक, कापायची घाई नडते. अ‍ॅक्रिलिक सशाचं टाळू सहाव्या महिन्यात उघडलं, मधोमध भोक, कारण शेपूट चार सेंमीचं ठेवून नुसती गाठ मारली होती. शेपूट १५ सेंमी ठेवा. रिंग आवळल्यावर ते सुईत ओवून आतल्या बाजूने त्या सहा टाक्यांच्या बुडातून एकदा पूर्ण फिरवा, मग उलट दिशेने अर्धं फिरवा, आणि मगच कापा. मखमलीत रिंग आवळताना गाभ्याचा दोरा, ज्यावर लव बसलेली असते तो, तटकन तुटतो. तिथे रिंगच्या नादी लागू नका. दोन साखळ्या घाला आणि सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत ६ मुके खांब घ्या.

डोळे ८ मिमीचे सेफ्टी (मागून चकती दाबून बसवायचे), ११ व्या आणि १२ व्या फेरीच्या मध्ये, दोघांत ७ टाक्यांचं अंतर. वर लावले तर ससा प्रौढ दिसतो, खाली आणि लांब लावले तर पिल्लू. मागची चकती एकदा बसली की निघत नाही. म्हणून आधी नुसते खोचून, थोडं फायबर घालून चेहरा बघा, मग भरण काढून चकत्या दाबा. हे सगळं डोकं घटवायच्या आधी, एरवी हात आत जाणार नाही. सुती सशाचे डोळे हललेले नाहीत. मखमलीत वीण सैल असल्याने एक चकती विणीतून निम्मी बाहेर आली होती. तीन वर्षांखालच्या मुलासाठी सेफ्टी डोळे वापरूच नका, नावात सेफ्टी असलं तरी. काळ्या दोऱ्याने भरलेले डोळे लवकर केसाळ होतात, पण गिळले जात नाहीत.

कान हा सशाचा दांडा आहे, याबद्दल सगळ्या मुलांचं एकमत दिसतं. त्यामुळे सगळ्यात मजबूत शिवण तिथेच हवी. कान विणून झाल्यावर ३० सेंमी दोरा सोडून कापा, कान बुडाशी दुमडा, टाचण्यांनी जागा पक्की करा. शिवताना डोक्याच्या टाक्याची फक्त वरची कडी उचलली तर ती कडीच ताणून वर येते आणि कान लोंबतो. सुई अख्ख्या टाक्याच्या खालून काढायची, आणि कानाची पुढची बाजू शिवून झाली की मागचीही शिवायची. हातापायांनाही हाच नियम. त्यांची जागा पॅटर्नमधल्या टाक्याच्या आकड्यावरून न ठरवता नजरेने ठरवा. गोल गोल सलग विणताना टाके फेरीगणिक थोडे सरकतात. उजव्या हाताने विणणाऱ्याचे उजवीकडे. वीस फेऱ्यांनी आकडा बरोबर असूनही हात काखेऐवजी छातीवर येतो.

आता दोऱ्यांचा हिशेब. सुतीने आकार धरून ठेवला, गोळे धरले नाहीत, मात्र कानांच्या टोकांचा रंग उतरला. विणताना सुती दोरा फाटतो, सुई पदरांच्या मधून जाते. टोक थोडं बोथट असलेली सुई घेतली की त्रास कमी होतो. अ‍ॅक्रिलिकला घासणाऱ्या जागी, म्हणजे पोट आणि बूड, लोकरीचे गोळे आले. कात्रीने वरच्या वर कापता येतात, ओढू नका, ओढले की आणखी धागे बाहेर येतात. मखमलीची लव नाकावर आणि कानांवर बसली आणि काही ठिकाणी गाभा दिसू लागला. हा दोरा उसवून पुन्हा विणता येत नाही, एका उसवणीतच लव झडते. पहिलाच ससा असेल तर मखमली नको. टाके दिसत नाहीत, मोजता येत नाहीत, आणि चूक कळते ती डोकं वाकडं झाल्यावर.

धुणं सोपं आहे, वाळवणं नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, दाबून दाबून धुवायचं, पिळायचं नाही. मग टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि वारा लागेल अशा सावलीत जाळीवर ठेवायचं. वरून कोरडा वाटला तरी मधलं भरण ओलं असू शकतं. मान दाबून गार लागली तर अजून एक दिवस ठेवा. ओला राहिलेला ससा कुबट वास धरतो. मशीनमध्ये घालायचाच असेल तर उशीच्या अभ्र्यात, ३० अंशांवर. अ‍ॅक्रिलिकला ड्रायरची उष्णता किंवा इस्त्री नको, त्याने वीण कायमची लुळी पडते.

दुरुस्तीसाठी प्रत्येक दोऱ्याचा चार-पाच मीटर तुकडा ठेवा. नंतर आणलेला त्याच नंबरचा गोळा दुसऱ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला, निघाला तर रंग किंचित वेगळा येतो. सुती सशाच्या कानाला जपून ठेवलेल्या कोऱ्या दोऱ्याने टाका घातला, तर तो टाका नव्यासारखा चमकत राहिला. त्यामुळे तो तुकडा सैल लडी करून एका टोकाला बांधा आणि ससा धुताना दर वेळी त्याच पाण्यात धुवा.