व्हिएतनाम की कुवेत?

फर्ग्युसनमधली भाची अडली होती: "मामा, युद्ध आणि पर्यावरण या प्रकल्पाला कुठलं घेऊ?"

आधी नुकसान किती टिकलं ते बघ. कुवेतमध्ये 1991 साली आखाती युद्धात माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने 600 हून जास्त तेलविहिरी पेटवल्या, भरदिवसा अंधार झाला. शेवटची आग नोव्हेंबरात विझली. वाळवंटात तेलाची तळी उरली. व्हिएतनाममध्ये शत्रूला लपायला जंगल उरू नये म्हणून अमेरिकेने 1961 ते 1971 तणनाशकं फवारली. त्यातलं डायऑक्सिन हे विषारी रसायन मातीत असं मुरलं, की तणनाशकं जिथे साठवली होती त्या दा नांग विमानतळाची सफाई 2018 मध्ये संपली! हो ची मिन्ह सिटीजवळच्या कान जिओची, फवारणीत उजाड झालेली खारफुटी मात्र लोकांनी 1978 पासून पुन्हा लावली. मला तर हाच भाग भावतो.

मेहनत? कुवेतचे उपग्रहांनी टिपलेले फोटो पटकन मिळतात.

आठवड्यात पोस्टर उरकायचं तर कुवेत. माती-जंगलात वर्षभर रमायचं तर व्हिएतनाम.