क्वीनची 'ग्रेटेस्ट हिट्स' : एका हंगामाच्या वापरानंतर

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडच्या 'ग्रेटेस्ट हिट्स'ची सीडी घेतल्यानंतर खरिपाचा शेवट आणि पूर्ण रब्बी उलटली आहे. १९८१ च्या या संग्रहात कोणती गाणी आहेत हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच, म्हणून थेट तक्रारीवर येतो. सतरा गाण्यांमध्ये रॉजर टेलरने लिहिलेले एकही गाणे नाही. फ्रेडी मर्क्युरीची दहा, ब्रायन मेची पाच, जॉन डीकनची दोन आणि ड्रम वाजवणाऱ्या टेलरचे शून्य. बँड चौघांचा, त्यांची सर्वोत्तम गाणी कोणती हा वाद मिटावा म्हणून पैसे मोजून आणलेल्या वस्तूत चौथ्या माणसाचे खातेच उघडलेले नसावे, हे मला पहिल्याच आठवड्यात खटकले आणि अजूनही खटकते.

वाद आमच्या गावातला आहे. जिनिंगसमोरच्या टपरीवर संध्याकाळी जमणाऱ्या आम्हा चार-पाच जणांना कॉलेजच्या वसतिगृहात असताना या बँडचे वेड लागले आणि गावी परतून शेती, शिक्षकी, दुकानदारी सुरू झाली तरी ते उतरले नाही. मोबाइलवर ही सर्व गाणी फुकट ऐकता येतात, हे मलाही माहीत आहे. परंतु आमच्या वावरात बांधाच्या एका टोकाला गेल्याशिवाय रेंज मिळत नाही, आणि मिळालीच तर 'बोहेमियन रॅप्सडी' ऑपेराच्या भागात शिरत असतानाच बियाण्याची जाहिरात सुरू होते. एकदाच पैसे द्यावे आणि कटकट संपवावी, असा हिशेब मी केला. सीडी आली तेव्हा डबीचे बिजागर तुटलेले होते. विक्रेत्याने पार्सल उघडतानाचे चित्रीकरण मागितले, ते माझ्याकडे नव्हते, म्हणून डबीला रबर लावून विषय संपवला. तबकडीवर मात्र ओरखडा नव्हता.

आमच्याकडे कृषीपंपाची थ्री-फेज लाइन बहुतेक आठवडे रात्रीच असते. हरभऱ्याला ओलित करायचे म्हणजे स्प्रिंकलरचे पाइप एका जागेवरून दुसरीकडे हलवायचे, मग पाळी पूर्ण होईपर्यंत बसून राहायचे आणि पुन्हा हलवायचे. या मधल्या वेळेसाठी मी गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. सुरुवातीला ती मुठीएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत होतो आणि त्यावरून माझे ठाम मत झाले होते की 'अनदर वन बाइट्स द डस्ट' हे गाणे उगाच डोक्यावर घेतले गेले आहे. पुढे तो स्पीकर बंद पडला. तालुक्याच्या दुकानदाराने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात नवा स्पीकर येत होता, म्हणून मी जुन्या गाडीतला स्पीकर प्लायवुडच्या खोक्यात बसवला, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर जोडला आणि त्याला फवारणी पंपाची बारा व्होल्टची बॅटरी दिली. त्या रात्री डीकनचा बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, प्रथमच पूर्ण ऐकू आला आणि माझे आधीचे मत टिकले नाही. ते गाणे म्हणजे जवळपास बासच आहे. बाकी वाद्ये त्याला अधूनमधून हात लावून जातात. सिंगल म्हणून, म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र तबकडी म्हणून, ते काढण्याचा आग्रह मायकेल जॅक्सनने धरला होता आणि १९८० साली ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, याचे आता नवल वाटत नाही.

खोक्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. रस्त्याकडेच्या कचऱ्यात सापडलेले सर्किट त्याने एका छोट्या स्पीकरच्या पेटीत बसवले आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवले. गिटारचे थर एकावर एक चढवून वाद्यवृंदासारखा परिणाम साधण्यासाठी ब्रायन मेने पुढे तीच पेटी वापरली. मेची स्वतःची गिटारही त्याने वडिलांसोबत घरीच बनवली होती, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरून. इतक्या काटकसरी माणसांच्या संग्रहाला नवीन सीडीचा भाव का लावावा, हा प्रश्न मी विक्रेत्याला विचारला नाही.

टपरीवर पहिल्या क्रमांकासाठी 'बोहेमियन रॅप्सडी'लाच सर्वाधिक मते पडतात आणि त्यामागे एक कारण असे दिले जाते, जे मला मुळीच पटत नाही. मर्क्युरीचे शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले, पियानो तो तिथेच शिकला, 'द हेक्टिक्स' हा शाळेतला बँडही तिथलाच. म्हणून तो आपला माणूस आणि त्याचे सर्वांत मोठे गाणे तेच सर्वोत्तम, असा हा युक्तिवाद आहे. पाचगणी सातारा जिल्ह्यात आहे आणि आमच्या गावातून तिथे पोहोचायला रात्रभराचा प्रवास करून वर दुसऱ्या दिवसाचा काही भाग घालवावा लागतो, ही बाब सोडून दिली तरी शाळेच्या पत्त्यावरून गाण्याला गुण देणे योग्य नाही. गाणे थोर आहे, ते दुसऱ्याच कारणांनी. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे हे गाणे १९७५ च्या अखेरीस निघाले, ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि १९९१ मध्ये मर्क्युरी गेल्यानंतर पुन्हा त्या जागी पोहोचले. चोवीस ट्रॅकच्या टेपवर आवाज इतक्या वेळा चढवले गेले की ऑपेराच्या भागात मोठा जमाव गात असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात गाणारे तिघेच आहेत: मर्क्युरी, मे आणि टेलर.

आणि इथेच माझ्या तक्रारीला अडचण येते. 'गॅलिलिओ'च्या हाकांमध्ये सर्वांत वरचा, छताला भिडणारा स्वर टेलरचा आहे. मोबाइलवर तो किंचाळल्यासारखा वाटत असे. खोक्यावर, रात्रीच्या शांततेत, तो बाकीच्या दोन आवाजांपासून वेगळा धरता येतो. 'समबडी टु लव्ह'मध्ये हाच प्रकार अधिक मोकळेपणाने झालेला आहे. अमेरिकन गायिका अरीथा फ्रँकलिनच्या गायकीच्या ओढीतून मर्क्युरीने लिहिलेल्या या गाण्यातले चर्चमधील वृंदगान याच तिघांनी स्वतःचे आवाज पुनःपुन्हा ध्वनिमुद्रित करून उभे केले आहे. संपूर्ण सीडीत मी सर्वाधिक वेळा मागे नेऊन ऐकलेले गाणे हेच आहे आणि टपरीवर माझे मतही यालाच असते. म्हणजे टेलर सीडीभर आहे, पण लेखक म्हणून नाही.

याचे कारण सरळ आहे. हा संग्रह गाजलेल्या सिंगल्सचा आहे आणि १९८१ पर्यंत टेलरचे गाणे सिंगलच्या पहिल्या बाजूला येऊन गाजलेले नव्हते. दुसऱ्या बाजूला मात्र त्याची सोय उत्तम लागली होती. 'बोहेमियन रॅप्सडी'च्या तबकडीच्या मागच्या बाजूला त्याने लिहिलेले आणि स्वतः गायलेले 'आय एम इन लव्ह विथ माय कार' होते. तबकडी विकली गेली की दोन्ही बाजूंच्या लेखकांना सारखाच मोबदला मिळत असे, त्यामुळे मोटारीवरच्या प्रेमगीताला जगातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एकाइतकेच पैसे मिळाले. बँडमध्ये यावरून कुरबुर झाली, आणि मला त्या कुरबुरीत बाकीच्यांचीच बाजू पटते. पुढे १९८९ च्या 'द मिरॅकल' या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी 'क्वीन' या एकाच नावावर लावायला सुरुवात केली. सातबाऱ्यावर चारही भावांची नावे एकत्र राहिली की पीक कोणत्या तुकड्यात आले यावरून भांडण होत नाही, तसेच हे. हा शहाणपणा दहा वर्षे आधी सुचला असता तर माझी तक्रारच उरली नसती. अमेरिकेतल्या १९८१ च्या आवृत्तीत गायक डेव्हिड बोवीसोबतचे 'अंडर प्रेशर' होते, ज्याच्या श्रेयात पाचही जण आहेत. म्हणजे तिकडच्या ग्राहकाला टेलरचा थोडा वाटा मिळाला, आम्हाला तोही नाही.

'वी विल रॉक यू'बद्दल तर बोलूच नये, असे मी ठरवले होते. ज्या गाण्याच्या ठेक्यावर जगभरची मैदाने हालतात त्यात ड्रम नाहीत; लाकडी फळ्यांवर आपटलेले पाय आणि टाळ्या आहेत. म्हणजे टेलरचे लेखन नाही आणि सर्वांत प्रसिद्ध ठेक्यात त्याचे वाद्यही नाही. आमच्या शेजारच्या वावरात जागलीला असलेल्या बाबांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अरे बाप्पा, ढोल नाही तं मंग आवाज कायचा हाय हा?" रानडुकरे हाकलण्यासाठी त्यांनी हे गाणे मोठ्या आवाजात लावून पाहायला सांगितले. काही रात्री उपयोग झाला. नंतर डुकरांना सवय झाली. रोही, म्हणजे नीलगायी, तर पहिल्या दिवसापासून ढिम्म हलले नाहीत.

'फ्लॅश' न ऐकता पुढच्या गाण्यावर जावे. चित्रपटातले संवाद मध्येमध्ये घातलेले असल्यामुळे ते गाण्यापेक्षा जाहिरातीसारखे वाटते, आणि जाहिराती टाळण्यासाठीच तर मी ही सीडी घेतली होती. त्या जागी मेचेच '३९' हे गाणे असते तर संग्रह वरच्या पायरीवर गेला असता. 'प्ले द गेम' आणि 'सेव्ह मी' एकदा-दोनदा ऐकण्यापुरती ठीक आहेत. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' पाइप हलवण्याच्या वेळेला लावू नये, कारण आपण घाई करतो आणि जोड नीट बसत नाहीत.

टेलरची 'रेडिओ गा गा' आणि 'अ काइंड ऑफ मॅजिक' ही गाणी 'ग्रेटेस्ट हिट्स'च्या १९९१ साली निघालेल्या दुसऱ्या भागात आहेत. टपरीवरचे मास्तर तो घ्या म्हणून मागे लागले आहेत. कापसाचे उरलेले चुकारे हाती आल्यावर बघू, असे मी त्यांना सांगितले आहे. तोपर्यंत या पहिल्या भागाला पाचपैकी साडेतीन, आणि कापलेल्या दीड गुणातला एक टेलरचा, अर्धा 'फ्लॅश'चा. बिजागराचे गुण मी कापलेले नाहीत.