खासगी ईमेल ॲप टॉकबॅकवर कसं चालतं: काही महिन्यांच्या वापरानंतर

ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि पुढच्या अपडेटला त्यातल्या निम्म्या शिळ्या होतील. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनवालं ॲप आहे, म्हणजे मेल माझ्याच फोनवर उलगडतो, सर्व्हरवाल्याला वाचता येत नाही. मी पूर्ण अंध आहे. राहते भुसावळला, वकिली करते जळगावला. अँड्रॉइड फोन, बोटाखाली स्क्रीनवर जे येईल ते बोलून दाखवणारं टॉकबॅक आणि गूगलचा मराठी आवाज, एवढाच संसार.

पक्षकाराचा मेल कंपनीने वाचला तर, ही काळजी मला दुसऱ्या नंबरची. पहिली ही, की एखादं बटण सापडत नाही म्हणून तोच मेल पुतण्याला दाखवावा लागतो. घटस्फोटाच्या प्रकरणातलं पत्र कॉलेजातल्या पोरासमोर धरायचं, तर कुलूप कितीही भक्कम असलं तरी काय उपयोग?

इनबॉक्स मात्र झकास. एका ओळीवर बोट गेलं की न वाचलेला आहे का, कोणाचा, विषय काय, किती वाजता आला, सगळं एका दमात ऐकू येतं. डावीकडे-उजवीकडे सरकवून मेल काढून टाकायची जी सोय डोळसांना आहे, ती टॉकबॅकच्या कृतींच्या यादीत मिळते. लॉक स्क्रीनवर फक्त 'नवीन मेल' एवढंच बोलतं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. सकाळच्या गाडीत खांद्याला खांदा लागलेला असतो, तिथे हे बरं पडतं. इअरफोन घालते, टॉकबॅकमधून स्क्रीन काळी करते आणि निवांत वाचते. शेजारच्या काकूंना वाटतं फोन बंद आहे.

दुखणं आहे मेल लिहायच्या पानावर. खालच्या पट्टीत बोट सरकवलं की नुसतं 'बटण', 'बटण', 'बटण'. एक अटॅचमेंटचं, एक मेलला पासवर्ड लावायचं, एक ठरावीक दिवसांनी मेल आपोआप नष्ट करायचं. म्हणजे ज्या सोयींसाठी हे ॲप घेतलं, त्याच मुक्या. टॉकबॅकमध्ये आपलं स्वतःचं लेबल, म्हणजे बटणाचं बोलायचं नाव, लावता येतं, पण त्यासाठी बनवणाऱ्यांनी बटणाला आतून ओळख दिलेली लागते. इथे ती नव्हती, त्यामुळे लेबल लावायचा पर्यायच दिसेना. आणि पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह! मेल एन्क्रिप्ट होऊन जाणार की साधा, हे फक्त त्याच्या रंगावरून कळतं. माहिती नुसत्या रंगातून देऊ नये हा डब्ल्यूसीएजीचा, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा, जुना, अगदी प्राथमिक नियम आहे.

कायदा आपल्या बाजूने आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, ॲप-वेबसाइट दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे आणि ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा वापरता येणं राज्यघटनेच्या कलम २१च्या, म्हणजे जगण्याच्या हक्काच्या, कक्षेत धरलं. पण निकालपत्र दाखवून बटणाला लेबल लागत नाही. मी सरळ ॲपवाल्यांना लिहिलं: कोणतं पान, डावीकडून कितवं बटण, टॉकबॅक काय बोलतं. उत्तर आलं आणि पुढच्या एका अपडेटमध्ये पट्टीला लेबलं आली. इंग्रजीत आहेत, चालतंय.

कुलूप अजून मुकंच आहे. म्हणून पक्षकाराला पाठवताना मी पासवर्ड लावतेच आणि तो फोनवर सांगते. 'पाठवणं रद्द करा' ही पट्टी बोट पोहोचायच्या आत गायब होते. फोनच्या सेटिंगमध्ये अशा सूचना जास्त वेळ टिकवायचा पर्याय आहे, पण हे ॲप तो जुमानत नाही. शोध घ्यायचा तर आधी सगळे मेल फोनवर उतरवून त्यांची सूची बनते, कारण सर्व्हरला मजकूर दिसतच नाही. ते पटतं. पण किती झालं, किती राहिलं, याचा आवाज नाही. मध्येच ॲप बंद पडलं की काय असं वाटत राहतं.

खातं उघडतानाच रिकव्हरीचे शब्द मिळतात, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायचे. तेव्हा घाई करू नका. शब्द-शब्द थांबून ऐका, शंका आली तर अक्षर-अक्षर ऐका आणि ब्रेलमध्ये उतरवून ठेवा. ते हरवले आणि पासवर्डही विसरलात, तर जुने मेल कंपनीलाही उघडून देता येत नाहीत.

पाचपैकी साडेतीन. कुलूप बोलायला लागलं की अर्धा वाढवीन.