होलीरूडचा डावा बुरूज : मेरी स्टुअर्टची दालने पाहताना

एडिनबरा शहरातील रॉयल माइल हा जुना रस्ता किल्ल्यापासून उतरत उतरत होलीरूड राजवाड्यापाशी येऊन संपतो. १५६१ मध्ये फ्रान्सहून परतलेली अठरा वर्षांची विधवा, स्कॉटलंडची राणी मेरी स्टुअर्ट हिने आपल्या प्रत्यक्ष राज्यकारभाराची वादळी वर्षे मुख्यतः याच राजवाड्यात काढली, आणि तिची दालने आज कोणालाही तिकीट काढून पाहता येतात. मेरीविषयी थोडीदेखील उत्सुकता असलेल्या माणसाने एडिनबऱ्यात इतर काही सोडले तरी चालेल, पण ही भेट सोडू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

राजवाड्यासमोर उभे राहिले की दोन्ही टोकांना दोन सारखे बुरूज दिसतात. मात्र त्यांच्या वयात सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. उजवीकडचा बुरूज दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, १६७० च्या दशकात, इमारतीला समतोल यावा म्हणून बांधला गेला, तर डावीकडचा बुरूज मेरीचा पिता पाचवा जेम्स याने उभारलेला आहे. जेम्स मरण पावला तेव्हा मेरी अवघी सहा दिवसांची होती आणि त्याच दिवशी ती राणी झाली. हे ध्यानात ठेवून आत शिरावे. तिकिटातच मिळणारे श्राव्य मार्गदर्शक यंत्र प्रथम नंतरच्या राजांच्या भव्य दिवाणखान्यांतून नेते; ते देखणे आहेत, परंतु वेळ आणि पायांतील बळ बुरुजासाठी राखून ठेवलेले बरे.

बुरुजात पहिल्या मजल्यावर मेरीचा दुसरा पती लॉर्ड डार्नली याची दालने आहेत आणि त्यांच्या बरोबर वर मेरीची. अरुंद, गोल दगडी जिना चढून गेल्यावर तिचे शयनगृह लागते. त्याचे लाकडी छत राजचिन्हांनी सजवलेले आहे. याच शयनगृहाला लागून ती छोटी खोली आहे जिच्यासाठी मी इथवर आलो होतो. ९ मार्च १५६६ च्या रात्री सहा महिन्यांची गरोदर असलेली मेरी येथे मोजक्या जवळच्या माणसांसह जेवत होती. दोन्ही मजल्यांना जोडणाऱ्या खासगी जिन्याने आधी डार्नली वर आला आणि त्याच्या मागून चिलखत घातलेला लॉर्ड रुथवेन. मेरीचा इटालियन चिटणीस डेव्हिड रिझिओ तिच्या मागे दडला, तिच्या वस्त्राला घट्ट धरून राहिला. मारेकऱ्यांनी त्याला तेथून ओढत शयनगृहातून बाहेरच्या दालनात नेले आणि पन्नासहून अधिक वार करून ठार केले. हा प्रसंग मी अनेकदा वाचला होता, तरी वाचताना मनात नेहमी ऐसपैस महाल यायचा. प्रत्यक्षात ती खोली इतकी लहान आहे की तेथे पाच-सहा माणसे जेवायला बसली तर दारातून आत आलेल्या सशस्त्र माणसाचा हात राणीपर्यंत सहज पोहोचेल. रिझिओबरोबर आपला आणि पोटातील मुलाचाही जीव घेण्याचा बेत होता, असे मेरीला पुढे का वाटत राहिले, हे तेथे उभे राहिल्यावर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

बाहेरच्या दालनात रक्ताचा म्हणून दाखवला जाणारा डाग आहे आणि बहुतेक गर्दी तेथेच थबकते. माझ्या मते त्यापेक्षा कितीतरी मोलाची वस्तू म्हणजे मेरीने इंग्लंडमधील बंदिवासात विणलेले भरतकाम. त्यात एक तांबूस मांजर आहे आणि जवळच एक उंदीर. मेरीला कैदेत ठेवणाऱ्या इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीचे केस लालसर होते, हे आठवले की त्या टाक्यांचा अर्थ उलगडतो. एकोणीस वर्षांच्या कैदेत असलेल्या स्त्रीचे पत्र वाचले जाईल, पण सुईवर कोण पहारा ठेवणार?

एका खासगी संस्थेची पायी सहलही मी आदल्या दिवशी घेतली होती. ती मी सुचवणार नाही. फेब्रुवारी १५६७ मध्ये डार्नली एडिनबऱ्यातील कर्क ओ'फील्ड येथील घरात झालेल्या स्फोटात मेला, असे तेथील मार्गदर्शकाने ठामपणे सांगितले. वस्तुतः त्याचा मृतदेह घराबाहेरच्या बागेत, स्फोटाच्या खुणा नसलेला सापडला आणि त्याचा गळा दाबला गेला असावा असेच मानले जाते. मेरीवरील अनेक आरोपांचे मूळ याच रात्रीत आहे. तीन महिन्यांतच तिने या खुनातील संशयित सरदार बॉथवेल याच्याशी लग्न केले, जुलैमध्ये तिला राज्यत्याग करावा लागला. अशा ठिकाणी ढोबळ बोलणे म्हणजे तिच्यावर पुन्हा अन्याय करणे होय.

राजा मुक्कामाला असताना राजवाडा बंद असतो, म्हणून तारखा आधी पाहून घ्याव्यात. बुरूज पाहून झाल्यावर त्याच दिवशी रॉयल माइल चढून किल्ल्यात जावे. रिझिओच्या खुनानंतर डार्नलीला आपल्या बाजूला वळवून मेरी घोड्यावरून किनाऱ्यावरील डनबारला निसटली, आणि तीन महिन्यांनी, १९ जून १५६६ रोजी, एडिनबऱ्याच्या या किल्ल्यातील एका चिमुकल्या खोलीत तिने आपला मुलगा जेम्स याला जन्म दिला. ती खोलीही पाहता येते, आणि तीही जेवणाच्या त्या खोलीसारखीच लहान आहे.